चौथी ओळ

आमच्या सरांनी आयुष्यात कोणाकडे घोटभर पाणी मागितलं नाही, आणि मागण्याचा काव्यप्रकार शोधून काढला तो त्यांनीच. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी मराठीची बाई. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, कुठे काय कमी, कुठे काय जास्त हे सांगत राहिले. त्या सवयीनेच माझा घात केला. म्हणजे माझा नाही, सरांचा केला. मी आपली धडधाकट आहे, सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाते.

सर गणिताचे. नाशिकच्या एका जुन्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही बावीस वर्षं समोरासमोर बसलो. ते ख्रिस्ती, मी बौद्ध. डिसेंबरात ते मला डब्यातून करंज्या द्यायचे, मी चौदा एप्रिलला त्यांना खीर द्यायची, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या देवाबद्दल चकार शब्द काढायचं नाही. माझ्या बाजूने काढण्यासारखं फारसं नव्हतंच. आमच्याकडे मागणं नाही. माझे वडील म्हणायचे, हात दिलेत ते जोडायला नाही, चालवायला. ते मी लहानपणापासून पाठ केलेलं, त्यामुळे लोक डोळे मिटून काहीतरी मागायला लागले की मी खिडकीबाहेर बघायची.

सरांचं एक वाक्य होतं. वाक्य कसलं, एकच शब्द. "म्हणून?" तुम्ही काहीही सांगा, सर मान तिरकी करून विचारणार, "म्हणून?" हेडमास्तर एकदा मीटिंगमध्ये शाळेच्या उज्ज्वल परंपरेवर घसरले. दहा मिनिटं झाली तरी थांबेनात. सर म्हणाले, "म्हणून?"

हेडमास्तर गडबडले. "म्हणून शनिवारी सगळ्यांनी दोन तास जास्त थांबायचं आहे."

"मग तेवढंच सांगा ना. आम्ही थांबू."

पोरं त्यांना मागून 'म्हणून सर'च म्हणायची. कोणी रडत आलं तरी तेच. पण त्या पोराकडे ते असे बघत बसायचे की पोरगं शेवटपर्यंत सांगायचं आणि रडणं विसरायचं. विशेषणांचा त्यांना भयंकर राग. माझ्या मुलांचे निबंध चाळून म्हणायचे, "बाई, रम्य सकाळ, प्रेमळ आई, गोंडस वासरू. ही सगळी सूज आहे. सूज उतरवा, मग बघू माणूस आहे की नाही आत." मी भडकायची. गणिताच्या माणसाने मला मराठी शिकवावं म्हणजे कमालच झाली! पण घरी जाऊन निबंध पुन्हा तपासायला घ्यायची आणि गुपचूप विशेषणं खोडायची.

आणि मागायचं नाही म्हणजे नाही. खडू स्वतःचा, साबणाच्या डबीत. कप स्वतःचा. छत्री विसरली तर भिजत जाणार, पण शेजारच्याच्या छत्रीत शिरणार नाही. एकदा मी सातपूरहून रिक्षाने येत होते, तर सर भर उन्हात स्कूटर ढकलत चाललेले. मी रिक्षा थांबवली. "सर, काय झालं?"

"काही नाही. जरा चालायला निघालोय."

"स्कूटर घेऊन?"

"तिलाही सवय हवी," म्हणाले आणि पुढे ढकलायला लागले. शरणपूर रोडपर्यंत ढकलत नेली म्हाताऱ्याने. म्हातारा म्हणजे तेव्हा पन्नाशीचाच होता, पण हट्ट असला की माणूस म्हाताराच दिसतो.

वहिनी याच्या अगदी उलट. सरांच्या पत्नी, नर्स होत्या. आयुष्यभर लोकांच्या उशाशी बसल्या. रात्रपाळी, दिवसपाळी, आणि सुटीच्या दिवशी गल्लीत कोणाला ताप आला तर तिथे. मूलबाळ नव्हतं. सर म्हणायचे, "आमच्या घरात एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं असं ठरलंय. बोलायची ती." वहिनी खरंच भरभरून बोलायच्या. कोणाकडेही काहीही मागायच्या. कोथिंबीर माग, सुई माग, पोळपाट माग. आणि दुप्पट परत करायच्या.

आम्ही निवृत्त झालो, पुढेमागे एकाच वर्षी. मग काही वर्षांनी एका संध्याकाळी सरांचा फोन. इकडचं तिकडचं झालं, आणि म्हणाले, "त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे आमच्या चर्चच्या मंडळीचं रिट्रीट आहे. तीन दिवस. तिथे झाडं बरीच आहेत."

मी म्हटलं, "बरं."

"आंब्याची आहेत. सावलीही असते."

आता बावीस वर्षं समोर बसल्यावर एवढं तरी कळायला हवं. हे त्यांचं आमंत्रण होतं. शिवाय त्यांना वहिनींसाठी सोबत हवी होती, तेही कळलं. का हवी होती ते तेव्हा कळलं नाही, पण सोबत हवी आहे हे न मागता कळलं. मी पिशवी भरली आणि गेले.

तिथे नियम असा की सकाळपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत बोलायचं नाही. मौन. वीसबावीस माणसं, बहुतेक साठीपुढची, आमराईत तोंड मिटून इकडून तिकडे फिरतायत. माझी तर पहिल्याच दुपारी गोची झाली. आमटी आळणी. कोणी बोलेना. स्वयंपाकाला सुरगाण्याकडची एक बाई होती, ती सगळ्यांची तोंडं बघून वैतागली. माझ्यापाशी येऊन पुटपुटली, "तुमाला बोलायचं नाय, तं मीठ कमी हाय हे मला कळायचं कसं? लय अवघड धरम हाय बाई तुमचा." मी तिला खुणेनेच सांगितलं की माझा नाही.

दिवसभर बोलायचं नाही, पण चिठ्ठी लिहायची मुभा होती. हॉलच्या दाराशी बुटाचा एक खोका ठेवलेला, वर फट पाडलेली. ज्याला ज्यासाठी प्रार्थना हवी त्याने लिहून टाकायचं, नाव घालायचं नाही. संध्याकाळी एकेक चिठ्ठी वाचायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "प्रभू, ऐकून घे." ही त्यांच्यातली जुनी पद्धत. पाळकसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या चर्चच्या पाद्रींचा, घसा बसलेला, म्हणून पहिल्याच दिवशी वाचायचं काम माझ्याकडे आलं. मराठीची बाई म्हटल्यावर आवाज आपोआप वर चढतो.

मी वाचत गेले. कोणाचे गुडघे, कोणाच्या भावाची किडनी, कोणाच्या नातवाची नोकरी, जगाला शांती. आणि मग एक चिठ्ठी आली, अक्षर वाकडंतिकडं:

माझी परात कोणी नेली.
घरी पाहुणे येणार आहेत.
कणीक कशात मळू?
ज्याने नेली त्याने आणून द्यावी.

हॉलमध्ये हशा पिकला. मीही ओठ दाबून हसले, खोटं कशाला बोलू. वहिनी मात्र सगळ्यांकडे आशेने बघत होत्या, आता कोणीतरी उठेल आणि परात काढून देईल अशा. सर उभे राहिले. "बाई, पुन्हा वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. का ते मला सांगता येणार नाही, शब्द तेच होते. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "प्रभू, ऐकून घे," आणि सगळे म्हणाले.

नंतर पायरीवर सर मला म्हणाले, "परात घरीच आहे. रोज तिच्यातच कणीक मळतो. मी मळतो." एवढंच. वहिनींचं विसरणं सुरू झाल्याचं मला अशा रीतीने कळलं. मला रडू आलं, तर सर खिशातून वेळापत्रकाचा कागद काढून त्याच्या मागे लिहायला लागलेले. चेहरा असा उजळलेला, जणू एखादं अडलेलं प्रमेय सुटलं.

"बघा बाई. चार ओळी. पहिल्या तीन ओळींत फक्त काय आहे ते. विशेषण नाही, नाव नाही, देवाचंही नाही. चौथीत मागायचं. आणि एखाद्या माणसाला जागचं उठून करता येईल एवढंच मागायचं. शांती वगैरे नाही. पाचवी ओळ आपण लिहायची नाही. ती ऐकणाऱ्याची." मला म्हणाले, "असं काही आहे का तुमच्या मराठीत?"

मी डोक्यात सगळं धुंडाळलं. ओवी, अभंग, भूपाळी, भारूड, सगळीकडे मागणं होतं, पण हे नव्हतं. मी म्हटलं, "नाही सर. हे नवीन आहे." पासष्टीच्या माणसाला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी नाव दिलं 'विनंती'. उरलेले दोन दिवस आमराईत मंडळी विनंत्या लिहीत बसलेली. आयुष्यात ज्यांनी कधी तोंड उघडून काही मागितलं नाही ते सर सगळ्यांना मागायला शिकवत होते. कागदावर त्यांना मागता येत होतं. मला वाटतं, त्या माणसाला जन्मभर हेच हवं होतं.

घरी परतल्यावर कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. आठवड्याला सरांची एक विनंती यायची. खाली लोक लिहायचे, प्रभू, ऐकून घे. नाहीतर नुसते जोडलेले हात. एक मला अजून पाठ आहे:

आमच्या वळणावर एक म्हातारा बसतो.
तिथला दिवा आठ दिवस बंद आहे.
तो तरी तिथेच बसतो.
कोणी तक्रार नोंदवावी.

मी त्या विनंत्या वहीत उतरवून घ्यायची, वाचनालयाच्या कार्यक्रमात वाचून दाखवायची. लोक वा वा करायचे. मला फार अभिमान. कवी माझ्या ओळखीचा, कवितेचा प्रकार माझ्यासमोर जन्मलेला! मी सरांना सूचनाही करायला लागले. इथे शब्द बदला, इथे ओळ आखडा. सर ऐकायचे. गणितात त्यांनी कोणाचं ऐकलं नसतं, पण मराठीत मला मानायचे.

मधल्या काळात आमचं भेटणं कमी झालं. वहिनींना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मी गेले की सर दारातच म्हणायचे, "आज ती जरा अस्वस्थ आहे," आणि मी बाहेरूनच परतायची. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटायचं. ते घर बघवत नव्हतं. वहिनी हातात गादीची खोळ घेऊन ती कोणातरी पेशंटला बदलायला निघालेल्या असायच्या. सर बारीक झालेले दिसत होते, पण मी म्हटलं, वय आहे, काळजी आहे, व्हायचंच.

पावसाळा नुकताच लागलेला. सोमवारी दुपारी ग्रुपवर विनंती आली:

गुरुवारी सकाळी मला बाहेर काम आहे.
ती घरात एकटी राहू शकत नाही.
बाहेरून कडी लावायला हात धजत नाही.
कोणी दोन तास येऊन बसावे.

मी ती तीनदा वाचली. एकदा मोठ्याने म्हणून बघितली. आणि मग मी, तीस वर्षं लाल पेन चालवलेली बाई, अक्कल पाजळायला बसले. सगळ्यांसमोर, ग्रुपवरच लिहिलं, "सर, तिसरी ओळ थोर आहे. चौथी फार सरळ झाली, तिने सगळं उघडं पडतं. तिसरीवरच थांबा. मागणं न मागताच कळतं."

एकाने खाली लिहिलं, "बाई म्हणतात ते पटलं." दुसऱ्याने लिहिलं, "काळीज हललं सर."

दहा मिनिटांनी सरांचं उत्तर आलं. "बरोबर आहे बाई. काढली."

आणि खाली तीन ओळींची विनंती पुन्हा पाठवली. नीट, स्वच्छ. त्याखाली लोकांनी हात जोडले. जोडलेल्या हातांची रांगच लागली. प्रभू, ऐकून घे. प्रभू, ऐकून घे. मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले. एरवी मी फक्त वा लिहायची.

माझं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. गुरुवारी सकाळी मी काय करत होते म्हणाल, तर फोनवर बहिणीला त्या तीन ओळी वाचून दाखवत होते.

दिवाळीनंतर पाळकसाहेबांचा फोन आला की सर दवाखान्यात आहेत. मी धावत गेले. पोटाचं दुखणं, पसरलेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. मी सरांवर चिडले. मला भीती वाटली की मी चिडते. "इतके महिने अंगावर काढलंत? आधी दाखवायला काय झालं होतं?"

"दाखवलं होतं," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक. "दुर्बिणीने तपासायची तारीख दिली होती. गुरुवारची."

"मग?"

"हिच्याजवळ कोणी नव्हतं. पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळाली. तेव्हाही तेच. मग राहिलंच."

मी पलंगाचा गज धरून उभी. गुरुवार म्हटल्यावर मला कळायला क्षण लागला नाही, पण कळून घ्यायला लागला. "सर," मी म्हटलं, "ती विनंती... ती खरी होती?"

सरांनी मान तिरकी केली. रागवायचं त्राण नव्हतं, आणि असतं तरी ते रागावले नसते. "सगळ्याच खऱ्या होत्या, बाई. तो दिवासुद्धा अजून बंद आहे."

"मग मला एक फोन करायचा ना हो! नुसतं म्हणायचं, बाई, या."

"लिहिलं होतं की," सर म्हणाले.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. मी रोज गेले. ते विनंत्यांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी माफी मागायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी विचारलं, ही जेवली का. त्या दिवसांत वहिनींजवळ आळीपाळीने मंडळीतली माणसं बसत होती. बसायला माणसं होती, बघा. पाचसहा जणी होत्या. सगळ्या म्हणत होत्या, आधी कळलं असतं तर आलो नसतो का? आणि त्यांचंही खोटं नव्हतं. चारी ओळी त्यांनी वाचल्या होत्या, पण मी कविता म्हटल्यावर त्यांनी कविता वाचली.

आता मंडळीने सरांच्या विनंत्यांचं छोटं पुस्तक काढलंय. मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली, आणखी कोणाकडे येणार? ती विनंती मागच्या कव्हरवर आहे. तीन ओळींची. पाळकसाहेब म्हणाले, ही सर्वोत्तम आहे. चौथी ओळ परत घालायची तर ती का काढली होती ते सांगावं लागलं असतं. मी पाहिजे तिथे स्वल्पविराम दिले आणि मुद्रितं परत पाठवून दिली. इतकी मी भित्री निघाले. हे सगळं आज लिहिते आहे, तेही कोणी विचारलं नाही म्हणून.

वहिनी नाशिकरोडकडे एका वृद्धाश्रमात असतात. स्वच्छ जागा आहे. मी जाते. त्या मला ओळखत नाहीत, पण कोणीही आलं की खुश होतात, खुर्ची सरकवतात. परवा दुपारी गेले तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. मी बिस्किटाचा पुडा फोडून त्यांच्या हातात दिला आणि माझ्याने राहवलंच नाही. पाळकसाहेबांना नाही, बहिणीला नाही, जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगायला लागले. त्यांचं म्हणून नाही, दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून. तेवढीही हिंमत नव्हती.

"वहिनी, एक माणूस होता. त्याला दवाखान्यात जायचं होतं. बायको घरात, तिला एकटं सोडता येत नव्हतं. त्याने सगळ्यांना लिहून विचारलं, दोन तास कोणी येऊन बसावं."

वहिनींचं बिस्किट हातातच राहिलं. नर्सच ती. "पेशंट चालते का?" त्यांनी विचारलं.

"चालते. पण विसरते."

"मग नाही सोडायचं. अशी पेशंट दारातून निघून जाते." आणि पुढे झुकून म्हणाल्या, "मग? गेलं का कोणी बसायला?"

"नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही, वहिनी."

"अरेरे," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. आणि मग, अजिबात न रागावता, मला म्हणाल्या, "तुम्ही तरी जायचं होतंत."